पाच-दहाची चौदा नंबर

डेपोत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले मेकॅनिक, सगळे तिला चार्टबाई म्हणत. शहरातल्या बसगाड्यांचा तो डेपो. दीडशे गाड्या, चारशेच्या आसपास माणसं, आणि उद्या कोणी कुठली गाडी किती वाजता काढायची हे ठरवणारा एक कागद. टेबलावर पसरला की दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारा. तो कागद, म्हणजे ड्यूटी चार्ट, ती गेली बावीस वर्षं लिहीत होती. आधी पेन्सिलीनं, मग दोनदा तपासून शाईनं. कॉम्प्युटर आला त्यालाही सात वर्षं झाली, पण तो कागदावरून भरला जाई. कागद कॉम्प्युटरचं ऐकत नसे.

वर्षभर हे काम आपलं रुळावरून चाले. खरा कस लागे तो पानगळीत. रस्त्याकडेची झाडं पिवळी पडायला लागली, संध्याकाळ लवकर उतरू लागली, शाळांना सुट्ट्या लागल्या, की डेपोतल्या यच्चयावत माणसाला एकाच आठवड्यात रजा हवी असे. कुणाकडे पाहुणे यायचे असत, कुणाला गावी जायचं असे, कुणाची सासू न्हाणीघरात पडलेली असे.

"या डेपोतल्या सासवा नेमक्या सुट्ट्यांतच कशा पडतात हो?" ती अर्ज हातात घेऊन विचारी. पण अर्ज नीट वाची. गेल्या वर्षी ज्यानं सुट्टीत गाडी चालवली, त्याला या वर्षी आधी रजा, हा तिचा नियम. त्यात साहेबाचा भाचा असो की युनियनचा पुढारी, नियम वाकत नसे. आणि म्हणूनच ती स्वतः त्या आठवड्यात कधी रजेवर गेली नव्हती. वाढणाऱ्यानं आपलं ताट आधी भरून घेऊ नये, असं तिचं मत. लोक तिच्यामागे काहीही म्हणत असतील, पण बाई पक्षपाती आहे असं बावीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

या चोखपणाची झळ लागली ती घरी. तिची एकुलती एक लेक लहानाची मोठी झाली, ती सुट्ट्या बापाबरोबर घालवत. बाप रंगांच्या दुकानात होता, गिऱ्हाइकाला हवी ती छटा डब्यात घोटून द्यायचा. मोकळाढाकळा, विनोदी माणूस. तो पोरीला तळ्यावर नेई, वाळकी पानं गोळा करून "हा रंग माझ्या दुकानात नाही, हा आहे" असा खेळ खेळे. चार्टबाई दिवे लागल्यावर घरी येई, तेव्हा दोघं पेंगुळलेली असत आणि दारात बुटांना चिखल असे. तो चिखल पुसताना तिला वाटे, पुढच्या वर्षी. अशी पुढची वर्षं करता करता पोरगी तेवीस वर्षांची झाली, सात तासांवरच्या मोठ्या शहरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि दहा महिने घरी फिरकली नाही.

रोज रात्री फोन होई. "डबा खाल्लास?" "खाल्ला." "काम कसंय?" "चालू आहे." एवढंच. पण गाडी डेपोच्या फाटकातून आत येतानाच्या आवाजावरून जुना मेकॅनिक सांगतो ना, हिचं काहीतरी बिनसलंय म्हणून, तसं आईला कळलं होतं. काय बिनसलंय ते मात्र कळत नव्हतं.

मग ऑक्टोबरात लेकीचा फोन आला, "चार दिवस येतेय," आणि चार्टबाईनं बावीस वर्षांत पहिल्यांदा सुट्ट्यांच्या आठवड्यात स्वतःचा रजेचा अर्ज लिहिला. या चार दिवसांत पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं पाहिजे. पाचव्या दिवशी सकाळची बस पकडून ती गेली, की पुन्हा "खाल्ला" आणि "चालू आहे".

आता काळजी करणाऱ्या बाईला मोकळा वेळ म्हणजे उघडी विहीर वाटते. ती आधी झाकण शोधते. चार्टबाईनं घरच्या चार दिवसांचाही चार्ट केला. पेन्सिलीनं, मग शाईनं. फ्रिजवर लावला. पहिला दिवस: गरम कपडे उन्हात घालणे (तिघे), जुने फोटो (तिघे). दुसरा दिवस: सकाळी स्वयंपाक मिळून, दुपारी झाडांच्या रस्त्यानं फेरफटका, पाच ते सहा गप्पा (आई व मुलगी). तिसरा दिवस: दुपारनंतर विश्रांती. चौथा दिवस: तळं.

लेक आली, बॅग ठेवली, चार्टसमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिली.

"आई, हसायचं किती वाजता ते लिहिलं नाहीयेस."

"हसायला वेळ लागत नाही, ते मधे मधे बसतं," नवरा म्हणाला. "आणि माझी वीकली ऑफ कुठाय, चार्टबाई? युनियनकडे जाईन मी."

ती हसली, लेकही हसली. पण लेकीचं हसू ग्लास ठेवेपर्यंतसुद्धा टिकलं नाही, हे तिनं पाहिलं.

पहिला दिवस पार पडला. लोकरीचे कपडे गच्चीत पसरले, फोटोंचे अल्बम निघाले, बापानं आपल्या जुन्या मिशांवर विनोद केले. लेक सगळ्यात होती आणि कशातच नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना आईनं सहज म्हणून पाहिलं, तर पोरगी मिठाच्या बरणीवरची चिठ्ठी वाचत होती. वाचली, चमचा उचलला, पुन्हा वाचली. चमचा खाली ठेवून तिसऱ्यांदा वाचली. बरणी काचेची होती, मीठ बाहेरून दिसत होतं.

"मीठच आहे गं ते," आई म्हणाली.

"माहितीये," लेक म्हणाली आणि एकदम बाजूला झाली. "तूच घाल."

फेरफटका झाला. रस्त्यावर पानांचा खच पडला होता, पोरं त्यात लाथा मारत पळत होती, बाकांवर म्हातारी माणसं उन्हाकडे तोंड करून बसली होती. असल्या दिवसांसाठी तर बावीस वर्षं जीव टांगला होता, आणि ती मात्र पानांकडे न बघता पोरीच्या हातांकडे बघत चालली होती. मग पाच वाजले. नवरा शहाण्यासारखा उठून बाहेर गेला. माय-लेकी समोरासमोर बसल्या.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय?"

"काही नाही. बोल की."

"काय बोलू?"

भिंतीवरच्या घड्याळानं साडेपाच केले. आईनं लॅबमधल्या मैत्रिणींची चौकशी केली. लेकीनं दोन नावं घेतली, एक मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेली निघाली. आईनं जपून विचारलं, "कोणी आहे का? म्हणजे मनात कोणी? तसं असलं तर आम्ही काही..." लेक म्हणाली, "कोणी नाही, आई." पावणेसहाला ती म्हणाली, "मी जरा पडू?"

त्या रात्री अंथरुणावर तिनं नवऱ्याला हलवलं. "आजारी तर नसेल? लॅबमधलं काही लागलं-बिगलं नसेल ना?"

"दमलीय पोर. झोपू दे."

"दमलेलं माणूस मिठाची चिठ्ठी तीनदा वाचत नाही."

"तू नाही का वाचत?" तो झोपेत म्हणाला. "तुझीच आहे ती."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला डेपोतून फोन आला. तिच्या जागी बसवलेला नवा कारकून घाबराघुबरा झाला होता. संध्याकाळच्या चौदा नंबरला ड्रायव्हरच नव्हता. चार्टमध्ये तीनशे आठचा बिल्ला लिहिलाय, म्हणजे तात्या. आणि रजेच्या वहीत तात्यांची आज रजा आहे. सही बाईंचीच.

तात्या गेली अकरा वर्षं संध्याकाळची चौदा नंबर चालवत होते. त्या चौकटीत त्यांचा बिल्ला लिहायची हाताला इतकी सवय, की रजा स्वतः मंजूर करूनही हातानं तीनशे आठच लिहिलं. आणि दोनदा तपासायचं? तपासलं होतं, सुट्टीच्या आठवड्याचे सगळे चार्ट आधीच लिहून ठेवताना. पण ज्या रात्री तपासलं, त्याच रात्री लेकीचा येतेय म्हणून फोन आला होता, आणि डोळे चौकटींवर असले तरी जीव भलतीकडे होता.

"फोनवरून सांग त्याला काय ते," नवरा म्हणाला.

"एक हलवला की चार हलतात. चार्ट डोळ्यांसमोर नसला तर जमत नाही." ती चप्पल शोधत होती. "तासाभरात येते."

"गेली सुट्टी डेपोत," नवरा म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून त्यानं चप्पल पुढे सरकवली.

"मी येते," लेक म्हणाली. विश्रांतीची वेळ होती तिची. पण ती अंगात स्वेटर घालून दारात येऊन उभी होती.

चार्टरूम म्हणजे दहा बाय बाराची खोली. एक लांब टेबल, भिंतीला टांगलेल्या बिल्ल्यांच्या पाट्या, आणि एक खिडकी, जिच्यातून ड्रायव्हर आपली ड्यूटी विचारत. खिडकीबाहेर पाच-सात जण जमले होते. बातमी पसरली होती.

"बाई, तुम्ही सुट्टीवर गेलात ते गेलात, गाड्या पण घेऊन गेलात?" एक जण म्हणाला.

"चार्टबाई चुकल्या म्हणजे आता सूर्य कुठून उगवतोय बघायला पाहिजे," दुसरा म्हणाला.

"उद्या बघ, आज गाडी धुवून घे," ती म्हणाली आणि टेबलावर वाकली. साडेचार वाजले होते. गाडी पाच-दहाची. ऑफिसं सुटतात, कारखान्याच्या बायका असतात त्या गाडीला. ती गेली नाही तर पुढची चाळीस मिनिटांनी.

राखीव म्हणून दोन ड्रायव्हर ठेवलेले असत. एक सकाळीच कुणाच्या तरी जागी गेला होता. दुसरा रात्रपाळी करून आलेला, त्याच्या विश्रांतीचे तास पुरे झाले नव्हते. विश्रांती पुरी न झालेल्या माणसाच्या हातात गाडी द्यायची नाही, मग कोणी का सांगेना.

"तात्यांना फोन लावू?" नवा कारकून म्हणाला. "घर इथून दहा मिनिटांवर आहे. ते येतील."

"येतील म्हणूनच नाही लावायचा."

"पण बाई..."

"नातवंडं आलीत त्यांच्याकडे. फोन गेला तर ताटावरून उठून येईल तो माणूस. दिलेली रजा परत घ्यायची नसते."

मग तिनं पेन्सिल उचलली. नऊ नंबरची पाच-वीसची फेरी त्या वेळी रिकामीच जाते. ती रद्द. तिचा ड्रायव्हर चौदावर. तो परत येईपर्यंत नऊची पुढची फेरी ओढायला बावीस नंबरवाल्याची चहाची वेळ अर्धा तास पुढे. तिनं खिडकीतून दोघांना बोलावलं, समजावलं. बावीस नंबरवाला कुरकुरला, "माझ्या चहाचं काय?"

"मी पाठवते गाडीवर. साखर कमी ना?"

"जास्त," तो म्हणाला, आणि लोक हसले.

फेरी रद्द केली की वहीत कारण लिहावं लागतं आणि खाली सही. नव्या कारकुनानं वही पुढे केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गाडी नादुरुस्त लिहा, बाई. सगळे तेच लिहितात. कोण बघतंय."

लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं पाहत होती. आईनं पेन घेतलं आणि लिहिलं: चार्ट लिहिताना माझ्याकडून चूक झाली. खाली सही केली. मग खिडकीशी जाऊन बाहेरच्यांना म्हणाली, "चूक माझी होती. तात्यांनी रजा रीतसर घेतलीय. उद्या त्यांना कुणी काही बोललं तर मला कळेल."

एक जण म्हणाला, "होतं, बाई." पाच वाजून बारा मिनिटांनी चौदा नंबर फाटकातून बाहेर पडली.

आता खरं तर निघायला हरकत नव्हती. पण एक चूक सापडली की दुसरी असणार, या धास्तीनं तिनं पुढच्या दिवसांचा चार्ट ओढला आणि एकेका चौकटीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. नवा कारकून चहा सांगायला गेला. खोलीत दोघीच राहिल्या.

"तू चुकलीस," स्टुलावरून लेक म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जरासं नवलच होतं.

"चुकले."

"मग आता?"

"आता काय? निस्तरलं. साहेब उद्या दोन शब्द बोलतील, ते ऐकायचे."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं तर. पाय लटपटतायत अजून, म्हणून तर बसून काम करतेय." बोट पुढे सरकत होतं. एकशे बारा, दोनशे सहा, चाळीस.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"आई, ज्याला रजा नाहीये, आणि तरी जो कामावर येत नाही, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"गैरहजर," आई चार्टवरची नजर न काढता म्हणाली.

"मग मी गैरहजर आहे."

बोट थांबलं. पण तिनं मान वर केली नाही. कुठल्या शहाणपणानं हे सुचलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. काल पाऊण तास पोरीच्या तोंडाकडे टक लावून बसली होती आणि पदरात काही पडलं नव्हतं. आता तिनं बोट पुन्हा हळूहळू चालवायला सुरुवात केली, आकडे काही दिसत नव्हते तरी.

"कधीपासून?"

"जूनपासून."

आणि मग ते बाहेर आलं, अडखळत, मधेच मागे जात. एका दुपारी तिनं तपासायला आलेल्या रक्ताच्या दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. तासाभरात लक्षात आलं, तिनंच धावत जाऊन सांगितलं. पण तोवर एका बाईला भलताच रिपोर्ट वाचून दाखवला गेला होता आणि ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती. मोठ्या डॉक्टरांनी लेकीला सगळ्यांसमोर उभं केलं. नोकरी गेली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती एकेक चिठ्ठी दोनदा वाचायला लागली. मग पाचदा. मग दहादा. काम तुंबायला लागलं, लोक तिच्या पाठीमागे उभे राहून उसासे टाकायला लागले. जूनमधल्या एका सकाळी ती दवाखान्याच्या दारापर्यंत गेली आणि आत पाऊल पडेना. ती परत फिरली, आणि पुन्हा गेलीच नाही.

"आणि रोज करतेस काय?"

"खोलीतल्या मैत्रिणीला माहीत नाही. सकाळी डबा घेऊन निघते. वाचनालयात बसते. शेजारच्या दोन मुलांना शिकवते संध्याकाळी, त्यावर भागतं. दुपारी बागेत बसून डबा खाते." ती जरा थांबली. "खाल्ला म्हणायचे ते खोटं नव्हतं."

आईला एकदम वीस प्रश्न विचारायचे होते. आम्हाला का नाही सांगितलंस, हा त्यातला पहिला. तो जिभेवर येऊन ठेपला आणि तिथेच विरघळला, कारण उत्तर तिच्यासमोर टेबलावर पसरलं होतं. दोनदा बघ, मग शाई. हे पोरीला तिनं पाटी-पेन्सिलीच्या वयापासून शिकवलं होतं. गृहपाठ दोनदा बघ, दप्तर दोनदा बघ, पत्ता दोनदा बघ. चुकलं तर काय करायचं, हे मात्र शिकवायचं राहून गेलं होतं. पोरीनं आपल्या आईला चुकताना आज पहिल्यांदा पाहिलं, तेवीस वर्षांची झाल्यावर.

"त्या बाईचं पुढे काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तिला काही झालेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी कळलं तिला." लेकीनं नाक पुसलं. "कुणी विचारलंच नव्हतं मला हे. तिचं काय झालं ते."

चहा आला. दोघींनी प्याला. आई उठून तिच्या स्टुलाशी गेली, तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. दार उघडं होतं, कारकून आत येऊन तसाच मागे फिरला.

घरी परतताना पुढचीच चौदा नंबर मिळाली. गाडीत गर्दी होती, दोघी पुढच्या दाराशी उभ्या होत्या, बाहेर दिवे लागत होते. आईच्या डोक्यात चक्रं सुरू झाली होती: डॉक्टरला दाखवायचं का, नोकरीचा राजीनामा दिलाय की नुसतीच गैरहजेरी, परवाच्या बसचं तिकीट. आणि तिच्या तोंडून नको तेच निघालं.

"बाबांना मी सांगते हळूहळू. तू काही बोलू नकोस. मी बघते."

लेकीनं दांडा धरलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. "तू सांगशील तेव्हा ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील," ती म्हणाली. "आजारी माणसाशी बोलतात तसं. ते मला नकोय."

तीन थांबे मागे गेले. आईला वाटलं, गेलं. आत्ता कुठे उघडलेलं दार आपल्याच हातानं लावलं. एवढ्या वर्षांत या घरातला प्रत्येक निरोप तिच्याच हातून गेला होता. बापाला काय सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं, सगळं आईच्या मार्फत. ती उतरताना एवढंच म्हणाली, "बरं. तुझं तू ठरव." आणि हे चार शब्द बोलायला तिला चौदा नंबर सोडवण्यापेक्षा जड गेलं.

घरात बाप तळ्यावर न्यायच्या सतरंजीचं उसवलेलं टोक शिवत बसला होता. नखांत निळा रंग होता, दुकानातून आला की चार-चार दिवस तो जात नसे.

"सुटली का गाडी?" त्यानं विचारलं.

"दोन मिनिटं उशिरा," ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. सकाळचं सगळं होतं. तिनं उगाच पातेल्यात पाणी ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, ते शिवणं ठेवा जरा बाजूला."

तिचे पाय दाराकडे वळले होते. पोरगी कुठून सुरू करेल, नीट सांगेल का, मधेच कोसळेल का, तो भलताच विनोद करून बसेल का. तिनं ओट्याची कड घट्ट धरली. लेकीचा आवाज सुरू झाला, खाली, सपाट. चिठ्ठ्या. ती बाई. दवाखान्याचं दार. एका ठिकाणी आवाज बंद पडला, आणि तिला वाटलं आता जायलाच हवं, तेवढ्यात तो पुन्हा सुरू झाला. वाचनालय. बाग. डबा.

पाणी उकळायला लागलं होतं. नवरा कधी एवढा वेळ गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं. परवा काय होणार, पोरगी परत जाणार की राहणार, राहिली तर तिचे दिवस कशानं भरायचे, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

"बाकावर थंडी नव्हती वाजत?" नवऱ्यानं विचारलं. नेहमीच्या, मोठ्या आवाजात.

"सुरुवातीला नाही," लेक म्हणाली. "आता वाजायला लागली होती."